उजव्या वळणावरचा हिसका

४ मार्च, मंगळवार

आज सूनबाईनं विचारलं, "बाबा, माझ्या शर्यतीच्या गाडीत बसाल का?" हातातला टोस्ट चहात पडून पार विरघळला. मग एकदम तीनदा "हो" म्हणालो.

झालं असं. सूनबाई नऊ वर्षं एका मोठ्या शर्यत-संघात होती. गाडी वळणात का फसते ते शोधायचं आणि स्प्रिंगा, शॉकप, चाकांचे कोन बदलून ती सरळ करायची, हे तिचं काम. तिथे तिचं कुणी ऐकेना, म्हणून गेल्या वर्षी तिनं गोदामांच्या रांगेत स्वतःचं गॅरेज काढलं. तिच्या पाटीखाली पळणारी ही पहिली गाडी. लहान, निळी, दोन दारांची. तिचे चालक एक दंतवैद्य, वय सत्तावन्न. गेल्या आठवड्यात एका पेशंटच्या दाढेवर वाकले ते वाकलेच राहिले. पाठ धरली. आता दीड महिना गाडी बंद.

शर्यत वीस एप्रिलला आहे आणि ती फक्त पन्नाशीच्या पुढच्यांची आहे. गाडी उभी राहिली नाही तर नंबर रांगेतल्या पुढच्याला जाणार. शिवाय दोन गाडीमालक तिला सांगून बसलेत, "तुझी गाडी कशी पळते ते बघू, मग आमची तुझ्याकडे देऊ."

"पन्नाशीच्या पुढचा, हातात वेळ असलेला आणि ज्याला चाकाखालचं कळतं असा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे," ती म्हणाली.

चौतीस वर्षं शहर बस चालवली मी. गाडीला एक ओरखडा नाही. एक आहे, पण त्यात चूक खांबाची होती.

आमची ही म्हणाली, "मला काय त्याचं? जा, मोडून घ्या मान." आणि पाच मिनिटांनी स्वयंपाकघरातून, "वळणं किती असतात हो त्यात?"

८ मार्च, शनिवार

सकाळी वैद्यकीय तपासणी. डॉक्टर म्हणाले, ब्लडप्रेशर तिशीतल्या माणसाचं आहे. हे मी घरी चारदा सांगितलं.

दुपारी माझं वजन झालं, गाडीसकट. चार चाकांखाली चार काटे, आणि हेल्मेट घालून, पट्टे आवळून मी आत. दंतवैद्यांपेक्षा मी एकोणीस किलोनं भारी निघालो. सूनबाई वहीत आकडा लिहिताना ओठ चावत होती. मग म्हणाली, "टेबलाचा एक पाय आखूड असला की ते कसं तिरपं डुगडुगतं? गाडीचंही तसंच होतं. तुम्ही बसल्यावर चारी पाय टेकले पाहिजेत." स्प्रिंगांखालच्या कड्या अर्धा-अर्धा आटा फिरवत दोन तास गेले. मी आत बसून घामाघूम. टायरवाल्यानं खिडकीतून सफरचंद भरवलं. हा गॅरेजातला एकुलता एक नोकर, माझ्याच वयाचा, मला उस्ताद म्हणतो. मला आवडतं.

आमचे चिरंजीव रुग्णालयात नर्स आहेत. प्रथमोपचाराची पेटी आणलीय. आमची लग्नातली बॅग याहून लहान होती.

९ मार्च, रविवार

ट्रॅकवर गेलो! अक्षर वेडंवाकडं येतंय, आणि ते भीतीनं नाही.

वळणांना आकडे आहेत. आकडे माझ्या डोक्यात राहत नाहीत, म्हणून मी माझ्या जुन्या रूटचे स्टॉप लावले. पहिलं शाळा, मग टपाल कचेरी, मग भाजी बाजार, आणि शेवटी तो लांबच लांब उजवा वळसा, दवाखाना. सूनबाईनं ही नावं ताबडतोब स्वतःच्या वहीत उतरवून घेतली.

तीन फेऱ्या मारून आत आलो. म्हटलं, "गाडी वळत नाही. मी स्टिअरिंग फिरवतो आणि नाक सरळच जातं."

"कुठे?"

"सगळीकडे."

"वळणात शिरताना, मध्यात, की बाहेर पडताना?"

"सूनबाई, मी वळणात एकदाच जातो, तीनदा नाही."

टायरवाला फिस्सकन हसला. ती मात्र न हसता माझ्यासमोर उकिडवी बसली. "बाबा, नाक न वळण्याची दहा कारणं असतात. शिरताना असेल तर एक, मध्यात असेल तर दुसरं. तुम्ही सांगाल तेवढंच मला दिसणार. आणि मी एका वेळी एकच गोष्ट बदलणार, नाहीतर कशानं काय झालं ते दोघांनाही कळणार नाही."

पुन्हा गेलो, लक्ष ठेवलं. मध्यात. मी ॲक्सिलरेटर देतो तिथून पुढे नाक बाहेर पळतं. गाडीचा दोष स्पष्टच आहे.

दंतवैद्यांची फेरी एक मिनिट सत्तेचाळीस सेकंदांची. माझी दोन मिनिटं चार. पण माझ्या बसमध्ये कुणी उभं असतं तर पडलं नसतं, हेही लिहून ठेवतो.

१५ मार्च, शनिवार

पुढच्या दोन चाकांना एकमेकांशी बांधून ठेवणारा एक आडवा दांडा असतो. तो तिनं आज सैल केला. नाक वळायला लागलं. वळलं म्हणजे काय, थांबेचना! भाजी बाजारात कडा जवळ आलेली बघून मी दचकून पाय काढला, आणि मागची बाजू पुढे येऊन मला भेटली. गवतात तीन गिरक्या. थांबलो तेव्हा तोंड आलो त्या दिशेला. चौतीस वर्षांत माझी बस कधी उलट्या तोंडानं उभी राहिली नव्हती.

मी हेल्मेटमध्ये इतका हसलो की काच धुरकटली. ट्रॅकवरचा झेंडेवाला धावत आला. त्याला वाटलं, मी रडतोय.

दिवसभरात हे तीनदा झालं. घरी हिला माझ्या मोज्यात गवत सापडलं. "एवढ्या वेगानं गेलात आणि मोज्यात गवत कसं जातं?"  मला स्वतःलाही प्रश्न पडलाय.

१६ मार्च, रविवार

आज सूनबाईनं कमाल केली.

आधी दांडा होता तसा आवळला. मग पाना घेऊन गाडीखाली गेली. दहा मिनिटं आत. टकटक नाही, कुरकुर नाही, काही आवाज नाही. फार नाजूक काम असावं. टायरवाला भिंतीकडे तोंड करून खोकत होता. बिचाऱ्याला सर्दी झालीय, खांदे हलेपर्यंत खोकत होता.

बाहेर येऊन ती म्हणाली, "झालं. पण बाबा, या सेटिंगला एक पथ्य आहे. ब्रेक एकदम सोडायचा नाही, वळणात शिरता-शिरता हळूहळू सोडायचा. म्हणजे वजन पुढच्या चाकांवर राहतं. आणि नाक आत वळल्याशिवाय ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही."

पथ्य पाळलं. काय गाडी झालीय! लोण्यातून सुरी जावी तशी. शाळा, टपाल कचेरी, भाजी बाजार, दवाखाना, सगळीकडे नाक मी म्हणेन तिथे. एक मिनिट बावन्न!

उतरल्यावर मी तिला म्हटलं, "तुझ्या हातात जादू आहे." ती एकदम लाल झाली आणि पाने मोजायला लागली. नम्र आहे पोरगी.

२२ मार्च, शनिवार

एक एकोणपन्नास. एक एकोणपन्नास! आंघोळ करतानाही तेच म्हणत होतो. हिनं बाहेरून विचारलं, "दवाखान्यात अजून दीड सेकंद जातोय ना?" हिला कुणी सांगितलं देव जाणे.

२९ मार्च, शनिवार

आजचं लिहायला नको वाटतंय. लिहितो.

आतापर्यंत सूनबाई मला दर तीन फेऱ्यांनी आत बोलवायची. टायर बघायची, विचारायची, एक गोष्ट बदलायची. आज पहिल्यांदा शर्यतीसारख्या सलग दहा फेऱ्या होत्या. दंतवैद्यही आले होते, कमरेला पट्टा लावून, खुर्चीवर उशी घेऊन.

पहिल्या चार फेऱ्या मस्त. पाचव्या फेरीत दवाखान्याच्या मध्यावर मागून हिसका. डावं मागचं चाक जमिनीवरून टुणकन उडून परत टेकावं तसं. एकदा, दोनदा, तीनदा, आणि प्रत्येक टुणकीला गाडी हातभर बाहेर. सहाव्या फेरीत आणखी. सातव्यात मी पाय काढला, आठव्यात आत आलो.

सूनबाईनं चाक हलवून पाहिलं, नट पाहिले, टायर पाहिला. मागचे दोन्ही शॉकप काढून बाकावर दाबून पाहिले. शॉकप म्हणजे स्प्रिंगला नाचू न देणारी तेलाची नळी. दोन्ही चोख. तासाभरानं परत तीन फेऱ्या मारल्या. हिसका नाही.

दंतवैद्य उशी सावरत म्हणाले, "गाडीला काही झालेलं नाही. चालक दमला की हात कापतात. वय असतं."

मी म्हटलं, "हात माझे आहेत, मला माहीत आहे कापतात की नाही. चाक उडतंय. मागचं, डावं."

सूनबाई दिवसभर उन्हात उभी होती, शर्यतीला तीन आठवडे राहिले होते. ती म्हणाली, "बाबा, गाडीत खरंच काही नाही. तुम्हाला गाडीचा दोष वाटतो, पण... त्या दिवशी मी गाडीखाली गेले तेव्हाही काही केलं नव्हतं. नुसती पडून होते. तुम्ही ब्रेक वेगळा सोडलात, म्हणून गाडी वळली."

 टायरवाला या वेळी खोकला नाही.

मी हेल्मेट बाकावर ठेवलं आणि घरी आलो. बसनं. चालकानं मला ओळखलं, पुढे बसायला सांगितलं. मी मागे बसलो.

३० मार्च, रविवार

गेलो नाही.

हिला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, "म्हणजे ती दहा मिनिटं गाडीखाली निजली, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून?"

"हो."

"माझ्यासाठी कुणी दहा मिनिटं जमिनीवर निजलेलं नाही कधी."

मग बऱ्याच वाटाण्यांनंतर, "आणि हिसका? तो बसतो का खरंच?"

"बसतो."

"मग बसतो."

३१ मार्च, सोमवार

सकाळी सात वाजता सूनबाई दारात. डोळे सुजलेले. मी दार उघडलं तर ती चप्पल न काढताच म्हणाली, "बाबा, मी चुकले. म्हणजे बोलले ते खरं होतं, पण बोलायची पद्धत चुकली. तिथे माझं कुणी ऐकत नव्हतं म्हणून मी निघाले, आणि परवा मी तुमच्याशी तेच केलं."

मी म्हटलं, "माझंही चुकलं. बस चालवल्यासारखा चालवत होतो आणि बोल गाडीला लावत होतो. आत ये, चहा घे."

तिनं चहाला हात लावला नाही. वही उघडली. "पुन्हा सांगा. कितव्या फेरीला?"

"पाचव्या. पहिल्या चारात कधीच नाही."

"डावीकडे वळताना?"

"नाही. फक्त दवाखान्यात. उजवीकडे, लांब वळण, सगळा भार डावीकडे येतो तिथे. आणि थोडा वेळ उभी ठेवली की जातो. थकलेला माणूस बसून उठला की कसा बरा होतो, तसं."

 तिनं वही मिटली. मग स्वतःच्या कपाळावर वही मारली, फाडकन. "तीन फेऱ्या! मी तुम्हाला दर तीन फेऱ्यांनी आत बोलवत होते! पाचवी फेरी मी कधी येऊच दिली नाही! आणि शॉकप काढून बाकावर दाबले तोपर्यंत ते गार!"

मला अर्धंच कळलं होतं, तरी मी उठून उभा राहिलो. ही आतून ओरडली, "काय झालं?" सूनबाई ओरडली, "आई, गरम! गरम झाल्यावर!" आणि आम्ही दोघं जिन्यावरून धावत खाली. माझ्या पायात घरातल्या सपाता होत्या. गॅरेजपर्यंत त्याच.

२ एप्रिल, बुधवार

सहा फेऱ्या. पाचवीला हिसका बसला. आयुष्यात कधी हिसका बसल्याचा इतका आनंद झाला नव्हता. "बसला! बसला!" करत आत आलो.

सूनबाईकडे टायरचं तापमान बघायचं एक पिस्तूल असतं. रोखलं की आकडा दिसतो. आजवर ते तिनं फक्त टायरवर रोखलं होतं. आज मागच्या शॉकपवर रोखलं. उजवा, एकसष्ट. डावा, एकशे एकोणतीस.

मी खात्री करायला बोट लावलं. खात्री झाली. बोट थंड पाण्यात.

कारण डोळ्यांसमोर होतं. सायलेन्सरचा पाइप डाव्या बाजूनं, शॉकपच्या अगदी कानाला लागून गेलाय. आतलं तेल तापून पातळ होतं, मग नळी स्प्रिंगला आवरू शकत नाही आणि चाक नाचतं. पाइप तिथून का नेला? टायरवाला म्हणाला, "गेल्या वर्षी दंतवैद्यांनी बदलून घेतला. आवाज दमदार पाहिजे होता."

सूनबाई जमिनीवर बसली आणि हसायला लागली. मग टायरवाला, मग मी, एक बोट बादलीत घालून.

५ एप्रिल, शनिवार

पाइप वाकवून दूर नेला. डाव्या शॉकपात नवं तेल भरलं. मध्ये आडोसा म्हणून पत्रा हवा होता, मापाचा मिळेना. तेवढ्यात ही गॅरेजात आली, आयुष्यात पहिल्यांदा, पिशवीतून केक भाजायचा ट्रे घेऊन. "हा चालेल का बघा. तसाही माझा केक फुगत नाही." बरोब्बर बसला. चार रिव्हेट मारले. माझ्या शर्यतीच्या गाडीत आता केकचा ट्रे आहे आणि मला त्याचा भयंकर अभिमान आहे.

सलग बारा फेऱ्या. हिसका शून्य. डावा शॉकप अडुसष्ट. माझी वेळ एक शेहेचाळीस पूर्णांक आठ. दंतवैद्यांहून कमी! मी सूनबाईला म्हटलं, "खरं सांग, आज गाडीखाली काही केलंस ना?" ती म्हणाली, "शपथेवर."

१९ एप्रिल, शनिवार

उद्या शर्यत. पात्रता फेरीत सोळांत नववा. ते दोन गाडीमालक कठड्याला टेकून उभे आहेत, गॉगल लावून. सूनबाई त्यांच्याकडे बघत नाही, आणि ती बघत नाही हे लांबूनही दिसतं.

मला भूक नाही. मला चार वेळा लघवीला जावं लागलं. मी फार आनंदात आहे.

२० एप्रिल, रविवार

आधी निकाल लिहितो, नाहीतर राहून जाईल. पाचवा! सोळांत पाचवा!

आता नीट सांगतो. सुरुवातीला सगळे एकदम शाळेत घुसले. दोघं एकमेकांना लागून गवतात गेले आणि मी त्यांच्यामधून गेलो, बाजारातल्या गर्दीतून बस काढावी तसा. म्हणजे सातवा. सात फेऱ्या सातवाच. पुढे एक लाल गाडी. सरळ रस्त्यावर ती माझ्यापासून पळायची, आणि दवाखान्यात मी तिच्या शेपटाला लागायचो. आठव्या फेरीला दवाखान्यात मी आतून शिरलो. भार डावीकडे आला, पूर्ण आला, आणि मागचं डावं चाक तसंच टेकून राहिलं. मी शिव्या देत होतो, लाडानं, चाकाला. सहावा.

शेवटच्या फेरीला पुन्हा तिथेच, एक पांढरी गाडी. त्याची मागची बाजू घसरली, त्यानं सावरली, पण तेवढ्यात मी आतल्या बाजूनं निघालो होतो. रेषा ओलांडली.

पुढे काय करायचं असतं ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी आणखी एक फेरी मारली, जीव तोडून. वाटेत सगळे हळू चालले होते, म्हणून मी चौघांना मागे टाकलं. त्यात पहिला आलेलाही होता. त्याला हात केला. झेंडेवाले पाचही जण झेंडे हलवत होते. मला वाटलं, कौतुक. आत आल्यावर अधिकारी खिडकीत वाकून म्हणाले, "काका, शर्यत संपलीय." मी म्हटलं, "मग मी जिंकलो का?" लेखी ताकीद मिळाली. ती मी फ्रेम करणार आहे.

सूनबाईनं मला पट्ट्यांतून ओढून काढलं. नुसतं "बाबा" म्हणाली, दोनदा, आणि माझ्या हेल्मेटवर डोकं टेकवलं. हिचे हात लाल झाले होते टाळ्या वाजवून. म्हणे, ऊन लागलं. चिरंजीवांनी ती पेटी दिवसभर उघडलीच नाही आणि शेवटी तिच्यावरच बसून रडले. गॉगलवाल्यांपैकी एकानं सूनबाईकडे गाडीची किल्ली दिली. दुसरा म्हणाला, विचार करतो.

मग दंतवैद्य आले. पट्टा नव्हता, ताठ चालत होते. माझा हात हातात घेतला आणि सोडेनात.

"ते उडणं," ते म्हणाले, "दवाखान्यातलं. मला गेलं वर्षभर जाणवत होतं."

सूनबाई वळली. "मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, मीच म्हातारा झालो. पाचव्या फेरीपासून तिथे पाय काढायचो आणि गप्प बसायचो. त्या दिवशी यांना बोललो ते, खरं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग घसा खाकरून, "पाठ बरी आहे आता. जूनच्या शर्यतीला मी बसू शकतो."

सगळे सूनबाईकडे बघायला लागले.  जागा त्यांचीच होती, मला माहीत होतं.

तिनं फडक्याला हात पुसले, बराच वेळ. "दोघंही या. एकाच दिवशी, दहा-दहा फेऱ्या. उतरल्यावर जो गाडीचं जास्त खरं सांगेल, तो बसेल."

"आणि वेळ?" दंतवैद्यांनी विचारलं. "वेळ नाही मोजणार?"

"मोजेन. आधी ऐकेन."

दंतवैद्य हसले. मग मला म्हणाले, तयारीला दोघं एकत्रच जाऊ, ते मला सरळ रस्त्यावरचे गिअर दाखवतील, मी त्यांना दवाखाना दाखवायचा. मी हो म्हटलं. चांगला माणूस आहे, एकटाच वर्षभर घाबरत होता. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आता काहीही नाही.

सीट मात्र मला हवीय.